विमलताई माईकसमोर जे बोलल्या

विमलताई भोयर यांचं गाव बाभुळगावपासून अर्ध्या तासावर आहे, एसटी वेळेवर आली तर. घरी कापूस, सोयाबीन आणि तुरीचं वावर, बैलजोडी विकून घेतलेला जुना ट्रॅक्टर, नवरा रामराव आणि मुलगा अक्षय. मुलगी अपेक्षा लग्न होऊन पुलगावला गेलेली. चार लोकांत मान असलेलं, खाऊनपिऊन सुखी असं हे घर होतं.

विमलताईंचे वडील आर्णीकडच्या एका शाळेत शिपाई होते. मुलीनं मॅट्रिक व्हावं ही त्यांचीच हौस, आणि झाल्याबरोबर लग्न लावून टाकावं ही आजोबांची. त्यामुळे डीएड करायचं राहिलं ते राहिलंच. लग्नानंतर वावर हेच त्यांचं काम झालं. सकाळी सैपाक करून डबा बांधायचा, कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचायचा, घरी येऊन पुन्हा चूल, आता गॅस. बोलणं कमी. बचत गटाच्या बैठकीत त्या मागच्या रांगेत बसत. सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी एखादं वाक्य असं बोलत की आधी बाया हसत आणि मग गप्प होत.

अक्षय एकतीस वर्षांचा. बीए झालेला. पोलीस भरतीसाठी दोनदा धावला, दोन्ही वेळा थोडक्यात हुकला, मग ट्रॅक्टरवर बसला. मुलगा वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत. गावात कोणी आजारी पडलं तर रात्र-दिवस न पाहता मोटरसायकलवर बसवून यवतमाळच्या दवाखान्यात नेणारा. पण घरात पाय ठेवला की तो घरातल्या इतर पुरुषांसारखाच होई. खाटेवर बसला की पाणी यायचं, मग ताट यायचं, हात धुतले की ताट जायचं. ते कुणी नेलं, हे त्याला कधी बघावं लागलं नव्हतं.

लग्नासाठी चार वर्षं पोरी बघणं चालू होतं. मुलगा शेती करतो म्हटलं की पुढचं बोलणंच होत नसे. एकीच्या बापानं तर चहा घेता घेता विचारलं होतं, "नोकरी लागायची काही आशा आहे का अजून?" या हंगामात मात्र कळंबकडचं एक स्थळ जुळत आलं होतं. मुलगी अर्पिता, बीएस्सी झालेली, कळंबला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवणारी. बघायचा कार्यक्रम झाला. दोघांनीही होकार दिला. मुलीकडचे लोक घर आणि वावर पाहायला येणार होते, आणि त्या तयारीत विमलताईंनी पडवीची भिंत स्वतः सारवून वर चुना मारला होता.

अशातच त्या बाजाराच्या दिवशी बाभुळगावला गेल्या.

बसस्थानकासमोर कडुनिंबाखाली गर्दी जमलेली होती. भीमराज नावाचा एक तरुण हातात माईक घेऊन लोकांना प्रश्न विचारत होता. मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं त्याचं दुकान होतं आणि जोडीला मोबाईलवर बातम्यांचं चॅनल. प्रश्न एकच होता: देशातलं जगणं सुधारायचं असेल तर काय केलं पाहिजे?

लोक हौसेनं बोलत होते. एक निवृत्त मास्तर म्हणाले, शाळा-कॉलेज सगळं फुकट करा. बाजूच्या तांड्यावरचे हरिसिंग म्हणाले, "आमच्या तांड्यावर अजून उन्हाळ्यात टँकर येते. पाणी द्या, बाकीचं आम्ही पाहू." एका कॉलेजच्या मुलीनं सांगितलं की संध्याकाळची बस वेळेवर सोडा, म्हणजे मुली शिकतील. कोणी म्हणालं दारू बंद करा, कोणी म्हणालं कापसाला भाव द्या. एका म्हाताऱ्यानं प्रत्येक पोराला दोन वर्षं फौजेत धाडायला सांगितलं, त्यावर पोरं हसली. मग एक मध्यमवयीन माणूस पुढे आला आणि म्हणाला, "सरकारनं कायदा करावा. शेतकऱ्याच्या पोराले पोरगी दिलीच पाह्यजे असा. आमचे पोट्टे पस्तिशीचे होऊन राह्यले. पोरीईचे नखरे वाढले."

गर्दीतून टाळ्या पडल्या. विमलताई मागे भाजीची पिशवी धरून उभ्या होत्या. भीमराजनं माईक त्यांच्याकडे वळवला.

"मावशी, तुम्ही सांगा."

"नाही बाप्पा, मले नाही समजत."

"पाहा," भीमराज कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "आपल्या बाया बोलतच नाहीत. मग देश सुधारणार कसा?"

ते त्यांना लागलं. पिशवी खाली ठेवून त्या पुढे आल्या.

"आता हे भाऊ म्हणाले पोरीईचे नखरे वाढले," त्या म्हणाल्या. "मले एक सांगा, पोरीनं कायले यावं आमच्या घरी? वावरात तिनंच राबाव, घरी येऊन सैपाकही तिनंच कराव. माझाच पोरगा घ्या. लाखात एक पोरगा आहे, गावासाठी धावते. पण जेवलेलं ताट उचलून ठेवत नाही. बापानं नाही उचललं, तो कुठून उचलन? मी पोरीच्या जागी असती तर मीही विचार केला असता. सरकारनं रस्ते करावं, पाणी द्याव, सगळं कराव. पण पोराईले घरातलं काम शिकवणं हे काही सरकारचं काम नाही, आपलं आहे. ते झालं तर अर्धा देश सुधरन, कारण अर्ध्या देशात बायाच आहेत ना."

 कॉलेजच्या त्या मुलीनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. विमलताईंनी पिशवी उचलली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि दुपारच्या गाडीनं घरी आल्या. घरी कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

दोन दिवसांनी दिवेलागणीच्या वेळी अक्षय चौकातून घरी आला. मोटरसायकल उभी केली आणि चपला न काढता थेट सैपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, हे तू बोलली?"

त्यानं मोबाईल पुढे धरला. पडद्यावर विमलताईंचा चेहरा होता, वर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं: 'माझ्या मुलाला मुलगी देऊ नका! आईनेच केली मुलाची पोलखोल.' खाली व्हिडिओ सुरू झाला. त्यात लाखात एक पोरगा नव्हता, गावासाठी धावणं नव्हतं, सरकार नव्हतं, देश नव्हता. होतं ते एवढंच: पोरीनं कायले यावं आमच्या घरी, माझाच पोरगा घ्या, ताट उचलून ठेवत नाही, मीही विचार केला असता.

"असं नव्हतं बोलली मी," विमलताई म्हणाल्या. "मागचं-पुढचं कापलं त्यानं."

"कापलं असन. पण जे आहे ते बोलली का नाही?"

"बोलली."

अक्षयनं मोबाईल खिशात टाकला. "चौकात पोट्टे मले ताट आणून देऊन राह्यले, आई. हातात. सगळे हसून राह्यले." तो एवढंच बोलला आणि बाहेर गेला. त्या रात्री तो जेवला नाही.

रामरावांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे त्यांना सगळं समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "अक्षयची आई, चार वर्षं पाय घासले आपण. थोडं थांबायचं होतं ना." विमलताईंना वाटलं, रामरावांनी ओरडायला हवं होतं. ते बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलीकडचे लोक घर पाहायला येणार नाहीत. कारण त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

विमलताई भीमराजच्या दुकानात गेल्या. त्यांना पाहून तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. "मावशी, पाच लाख लोकांनी पाहिलं तुम्हाला," तो खरंच आनंदानं म्हणाला. त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं त्यांच्यासमोर तो व्हिडिओ काढून टाकला, पण मग स्वतःच मोबाईल दाखवला: दुसऱ्यांनी तो उचलून आपापल्या पानावर टाकला होता. कोणी खाली विनोदी संगीत लावलं होतं, कोणी रडणारं.

"हे माझ्या हातात नाही आता," तो म्हणाला.

"मग कोणाच्या हातात आहे?"

भीमराजनं मोबाईल पालथा करून काउंटरवर ठेवला.

अपेक्षा पुलगावहून फोनवर व्हिडिओखालची मतं वाचून दाखवायची. विमलताईच तिला वाचायला लावायच्या. 'हीच खरी आई.' 'हिला घराबाहेर काढा.' 'काकू, तुमचा व्हिडिओ सासूला पाठवला.' 'अशा बायांमुळेच देश बिघडला.' कोणी पुण्याचं, कोणी लातूरचं, कोणी कुठल्या दूरच्या देशातलं. माणसं एकमेकांशी भांडत होती, शिव्या देत होती, आणि त्यातल्या एकालाही अक्षय दिसायला कसा आहे हे ठाऊक नव्हतं. एकदा अपेक्षा वाचता वाचता थांबली. "आई, बस झालं," ती म्हणाली. "मी नाही वाचत आता."

गावात बाया विहिरीवर, वावराच्या बांधावर विमलताईंना हळूच सांगत, "बरं बोलल्या तुम्ही." पण समोरून कोणी पुरुष येताना दिसला की विषय बदलत. शेजारच्या घरातली सून दिपाली हिनं तो व्हिडिओ आपल्या नवऱ्याला मुद्दाम दाखवला. नवऱ्यानं मोबाईल भिंतीवर आपटला आणि तिला माहेरी सोडून आला. दिपालीची सासू भर अंगणात विमलताईंना म्हणाली, "तुमच्या घरचं जळलं ते जळलं, आमचं कायले जाळलं?" विमलताई ऐकून घेऊन घरात गेल्या. दिपाली काही आठवड्यांनी परत आली, पण त्यानंतर ती त्यांच्या दारावरून जाताना मान वर करत नसे.

अर्पिताच्या घरी जायचं विमलताईंनी एकटीनंच ठरवलं. रामरावांना सांगितलं, अक्षयला नाही. कळंबला उतरून त्या आधी संगणकाच्या क्लासवर गेल्या, कारण घरी बापासमोर पोरगी मोकळं बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं. अर्पिता त्यांना ओळखून बाहेर आली आणि समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर दोघी बसल्या.

"त्या व्हिडिओत अर्धंच आहे," विमलताई म्हणाल्या.

"मी पूर्ण पाह्यलं काकू. त्या कॉलेजच्या पोरीनं तिच्या मोबाईलवर पूर्ण घेतलं होतं, तेही फिरून राह्यलं." अर्पिता थोडं हसली. "मले तर आवडलं तुमचं बोलणं. आमच्या क्लासमधल्या पोरीईलेही आवडलं."

विमलताईंना हायसं वाटलं. "मंग बाबांनी काहून नाही म्हटलं?"

"बाबांनी नाही, मी म्हटलं."

शेजारी उसाचा चरखा घरघरत होता. तो थांबेपर्यंत अर्पिता थांबली. मग म्हणाली, "काकू, एक विचारू? तुम्ही बोलल्या ते खरं आहे ना? तो घरात काही करत नाही?"

त्या वेळी विमलताईंच्या मनात पोरगाच आला. त्याचं उतरलेलं तोंड, त्याचं न जेवणं. त्या एक शब्द खोटं बोलल्या असत्या तर सगळं सांधलं गेलं असतं. करते ना तो, करते थोडंबहुत. पोरगी घरी आली असती, पुढचं पुढे. आणि पुढचं काय, तेही त्यांना दिसत होतं, कारण तीस-बत्तीस वर्षं त्या तेच जगल्या होत्या.

"नाही करत," त्या म्हणाल्या. "पण शिकन तो. मनानं चांगला आहे."

"शिकन तेव्हा शिकन," अर्पिता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुम्ही खरं सांगता म्हणून तुमचा आदर वाटते. पण खरं समजल्यावर मी कशी येऊ? मलेही नोकरी करायची आहे. तुम्हीच सांगा."

 अर्पितानं त्यांच्या हातात रसाचा गिलास दिला, तो त्यांनी संपवला, आणि बसमध्ये बसून परत आल्या. 

आई कळंबला गेली होती हे अक्षयला मध्यस्थाकडूनच कळलं. तिनं तिथेही 'नाही करत' असंच सांगितलं, हेही कळलं. तो रागावून ओरडला असता तर रामरावांनी समजूत घातली असती. पण तो पिशवीत कपडे भरत होता. पांढरकवड्याला हायवेवर त्याच्या कॉलेजच्या मित्राचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, तिथे तो चालला होता.

"कापूस झाडाले लोंबून राह्यला," रामराव म्हणाले. "आता जातं का?"

"मजूर लावा बाबा. मले या गावात तोंड दाखवावं वाटत नाही."

विमलताई डबा बांधायला उठल्या. "राहू दे," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या हंगामात विमलताईंनी आणि दोन मजूर बायांनी कापूस वेचला. ट्रॅक्टरला दुसरा ड्रायव्हर लावावा लागला. अक्षय दर रविवारी बापाला फोन करी. मोबाईल कानाला लावून रामराव मोठ्यानं बोलत, त्यामुळे अर्धं बोलणं विमलताईंना अंगणात ऐकू येई. आईला दे, असं पलीकडून कधी आलं नाही.

तुरीची मळणी होती तेव्हा तो घरी आला. रामरावांना ताप होता आणि मळणीयंत्र मिळालं होतं ते त्याच एका दिवसापुरतं. दिवसभर त्यानं यंत्रात तूर टाकली, पोती शिवली, उचलून घरी आणली. संध्याकाळी भुसानं पांढरा झालेला ओट्यावर बसला. विमलताई बाहेर येऊन जरा अंतरावर बसल्या. बरेच महिने दोघं असे एका ठिकाणी बसले नव्हते.

"आई, तुले मले घरात नाही सांगता आलं?" तो म्हणाला. "आधी एकदा तरी. मले बोलायचं सोडून तू साऱ्या दुनियेले सांगतलं."

"सांगतलं असतं तर ऐकलं असतं तू?"

अक्षयनं बाहीवरचं भूस झटकलं. "नसतं ऐकलं कदाचित. पण सांगाव तर लागते ना. मी ताट ठेवून उठलो का तूच उचलत होती. कधी म्हटलं नाही का अक्षय, ठेव. मले कसं समजन का तुले त्याचा त्रास होते?"

हे खरं होतं. विमलताईंनी ते मान्य केलं. "माझी चूक आहे तेवढी," त्या म्हणाल्या.

मग अक्षयनं जे मनात होतं ते काढलं. भीमराजचा त्याला फोन आला होता. भीमराजला पश्चात्ताप झाला होता म्हणे; तो म्हणत होता, आईनं पुन्हा एकदा माईकसमोर यावं आणि सांगावं, मी चुकून बोलले, माझा मुलगा घरातलं सगळं करतो. तो व्हिडिओही तेवढाच चालेल. "मंग लोक ते पाहतीन. स्थळं येतीन. आता कोणी नाव सांगतलं का पहिले मोबाईलवर शोधते, अन् हेच दिसते. माझं आयुष्य हे असं अडकून बसलं, आई. एकदा बोल फक्त."

 रामराव आतून खोकत होते.

"जे चांगलं आहे ते सगळं सांगीन," त्या म्हणाल्या. "लोकाईले दवाखान्यात नेतो ते, आज एकट्यानं मळणी केली ते, माझी चूक होती तेही. हजार वेळा सांगीन. पण ते खोटं होतं असं नाही सांगू शकत बाबू. तिथं ज्या बाया ऐकतात ना, त्याईच्या तोंडावर कसं खोटं बोलू?"

"त्या बाया तुझ्या कोण लागतात?"

"कोणी नाही."

"अन् मी?"

 अक्षय उठला. अंघोळ केली, बापाच्या गोळ्या कोणत्या आणि कधी ते आईला समजावून सांगितलं, आणि अंधार पडायच्या आत मोटरसायकल काढून पांढरकवड्याला निघून गेला. जाताना तिच्या पाया पडला, जसा नेहमी पडत असे.

ते माईकवरचं बोलणं पुन्हा झालं नाही. भीमराज आता दुसऱ्या प्रश्नांवर लोकांची मतं घेतो. व्हिडिओ अजून कुठे ना कुठे वर येतो. कोणीतरी नवीन माणूस तो पाहतो आणि आपलं मत लिहितो. बचत गटाच्या बैठकीत विमलताई मागच्याच रांगेत बसतात. शेवटी बोलायची पाळी आली की हल्ली त्या मान हलवतात, मला काही नाही.

होळीनंतर एक स्थळ आलं आहे, नेरकडचं. अक्षयची आई माईकसमोर काय बोलली होती, हे त्या लोकांना आधीच माहीत आहे. मुलीचा निरोप असा, की पाहण्याचा कार्यक्रम नको, आधी मुलाच्या आईला भेटायचं आहे. विमलताईंनी येते म्हणून कळवलं. रामरावांनी विचारलं, "काय सांगशीन तिले?" त्या म्हणाल्या, "जे विचारन ते." मग गॅरेजवर फोन करून त्यांनीच अक्षयला सगळं सांगितलं, निरोपासकट. पलीकडे गॅरेजचा आवाज येत होता, कोणीतरी लोखंडावर लोखंड ठोकत होतं.  अक्षय म्हणाला, पाहतो, आणि फोन ठेवला.